नसा कुठून जातात, हे कुणी पाहिलंच नव्हतं

समजा, रविवारी सकाळी पुण्याहून बाबांचा व्हिडिओ कॉल आलाय. प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दीड महिना झालाय. तुम्ही विचारता, "बाबा, कसं आहे आता?" ते म्हणतात, "एकदम मस्त. रिपोर्ट चांगला आला." मागून आई काहीतरी बोलायला जाते आणि बाबा तिकडच्या हवेची चौकशी सुरू करतात. स्क्रीनवर न दिसणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात. सकाळचं फिरणं बंद झालेलं असतं, भाच्याच्या लग्नाला जायचं रद्द झालेलं असतं आणि कपाटात साड्यांच्या मागे पॅडचं पाकीट ठेवलेलं असतं.

या गप्प बसण्यालाही एक इतिहास आहे. आणि त्यात फक्त आपल्या घरातले पुरुष नाहीत, डॉक्टरही आहेत.

आधी शरीररचना थोडक्यात बघू. प्रोस्टेट, म्हणजे पुरस्थ ग्रंथी, साधारण अक्रोडाएवढी असते. ती मूत्राशयाच्या खाली असते आणि मूत्रमार्ग तिच्या मधून जातो. त्यामुळे ग्रंथी काढायची तर मूत्रमार्गाचा तेवढा तुकडाही जातो, आणि उरलेली नळी पुन्हा मूत्राशयाला शिवावी लागते. लघवी रोखायला आपल्याकडे दोन झडपा असतात. आतली आपोआप चालते, बाहेरची आपल्या ताब्यात असते. ऑपरेशनमध्ये आतली बहुतेक निकामी होते आणि सगळा भार बाहेरच्या झडपेवर येतो. कॅथेटर काढल्यावर खोकला आला, हसू आलं, खुर्चीतून उठलं की लघवी गळते ती यामुळे. शरीराला एकाच झडपेवर काम भागवायला शिकावं लागतं, आणि त्याला महिने लागतात.

आता 1904 सालात जाऊ. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये ह्यू हॅम्पटन यंग यांनी कॅन्सर झालेली पूर्ण प्रोस्टेट काढली. मदतीला होते त्यांचे वरिष्ठ, प्रसिद्ध सर्जन विल्यम हॉलस्टेड. 1945 मध्ये टेरेन्स मिलिन यांनी लंडनमध्ये ओटीपोटाच्या बाजूने प्रोस्टेटपर्यंत जाण्याचा मार्ग दाखवला. पण एक गोष्ट बदलली नाही. या ऑपरेशननंतर जवळजवळ प्रत्येक पुरुषाची ताठरता जायची आणि कित्येकांना लघवीवर ताबा राहायचा नाही. रक्तस्रावही प्रचंड व्हायचा. जीव वाचला ना, मग एवढी किंमत मोजावीच लागणार, असं धरून चालत. शिश्नाकडे जाणाऱ्या नसा प्रोस्टेटमधूनच जातात, म्हणजे ग्रंथीबरोबर त्याही तुटणार, असा समज होता. तो कुणी तपासून पाहिला नव्हता.

1974 मध्ये पॅट्रिक वॉल्श हॉपकिन्समध्ये आले. त्यांनी पहिला प्रश्न घेतला रक्ताचा. प्रोस्टेटच्या पुढच्या बाजूला शिरांचं जाळं असतं, ते आधी बांधून घेतलं तर रक्तस्राव आटोक्यात येतो, हे त्यांनी दाखवलं. आता सर्जनला आपण काय कापतोय ते स्पष्ट दिसू लागलं. बाहेरची झडप जपता येऊ लागली आणि लघवीवर ताबा परत मिळणाऱ्यांचं प्रमाण वाढलं.

मग 1977 मध्ये अठ्ठावन्न वर्षांचा एक रुग्ण ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी तपासणीला आला आणि म्हणाला की त्याचे शरीरसंबंध पूर्वीसारखेच आहेत. नसा ग्रंथीतून जात असत्या तर हे शक्यच नव्हतं. मग त्या जातात तरी कुठून?

उत्तर सापडलं नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये. फेब्रुवारी 1981 मध्ये वॉल्श तिथे गेले असताना त्यांची भेट पीटर डॉन्कर या निवृत्त प्राध्यापकांशी झाली. डॉन्कर मृत जन्मलेल्या अर्भकांच्या शरीरात मूत्राशयाच्या नसा शोधत होते. प्रौढांच्या शवात चरबी आणि तंतूंच्या गुंत्यात या बारीक नसा हरवतात, अर्भकात त्या स्पष्ट दिसतात. वॉल्श यांनी विचारलं, "शिश्नाकडे जाणाऱ्या नसा कुठे आहेत?" डॉन्कर यांनी त्या कधी शोधल्याच नव्हत्या. दोघं कामाला बसले. तीन तासांनी उत्तर समोर होतं: नसा प्रोस्टेटच्या बाहेरून, तिच्या दोन्ही कडांना लागून जातात. म्हणजे कॅन्सर तिथवर पसरलेला नसेल, तर त्या वाचवता येतील.

26 एप्रिल 1982 रोजी वॉल्श यांनी नसा ठरवून जपणारं पहिलं ऑपरेशन केलं. रुग्ण बावन्न वर्षांचा होता. वर्षभरात त्याची लैंगिक क्षमता परत आली. 1904 ते 1981, सत्त्याहत्तर वर्षं लागली. तीन तासांचं काम होतं, पण ते करावंसं वाटण्याआधी प्रश्न महत्त्वाचा वाटायला हवा होता.

याच काळात बाकीचे मार्गही उघडत होते. 1948 मध्ये अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगेल यांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम मांडले, ते बाळंतपणानंतर लघवी गळणाऱ्या बायकांसाठी. पुरुषांनी ते नंतर उचलले. 1970च्या दशकात ब्रँटली स्कॉट आणि सहकाऱ्यांनी कृत्रिम झडप तयार केली: मूत्रमार्गाभोवती फुगणारा पट्टा आणि अंडकोशात बसवलेला छोटा पंप. आणि 1983 मध्ये लास व्हेगासच्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संमेलनात ब्रिटिश शास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी हॉटेलच्या खोलीत स्वतःलाच औषधाचं इंजेक्शन टोचून घेतलं, व्याख्यानाला आले आणि शेवटी पँट खाली करून परिणाम श्रोत्यांना दाखवला. हसू येतंच. पण ताठरता औषधाने येऊ शकते, हे त्यानंतर नाकारता येईना.

27 मार्च 1998 रोजी अमेरिकेत व्हायग्राला मंजुरी मिळाली. एक बारकावा लक्षात ठेवा: ही गोळी नसांनी सोडलेल्या नायट्रिक ऑक्साइडचा परिणाम टिकवून धरते. दोन्ही बाजूंच्या नसा गेल्या असतील तर टिकवायला फारसं काही उरत नाही. तेव्हा इंजेक्शन, पंप किंवा इम्प्लांट हे मार्ग असतात. लायडनच्या त्या तीन तासांचं महत्त्व इथेही दिसतं.

मग प्रश्न सुटला का? नाही. ब्रिटनमधल्या प्रोटेक्ट या अभ्यासात 1,643 पुरुष होते. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेले आकडे बघा. सुरुवातीला 67 टक्के पुरुषांना संबंधापुरती ताठरता येत होती. ऑपरेशन गटात सहा महिन्यांनी हे प्रमाण 12 टक्के होतं, सहा वर्षांनी 17. पॅड वापरणारे सहा महिन्यांनी 46 टक्के, सहा वर्षांनी 17. नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्या गटातही सहा वर्षांनी ताठरता 30 टक्क्यांवर आली होती, कारण वयही आपलं काम करतंच. आणि रोबोटने सगळं बदललं असं वाटत असेल, तर ब्रिस्बेनच्या चाचणीत दोन वर्षांनंतरही रोबोट आणि हाताने केलेल्या ऑपरेशनमध्ये लघवी किंवा लैंगिक क्षमतेत मोठा फरक दिसला नाही.

व्यायामांचंही तसंच. बेल्जियममधल्या 2000 सालच्या अभ्यासात व्यायाम शिकलेल्यांना लवकर ताबा आला. 2011 च्या ब्रिटिश चाचणीत मात्र खास फिजिओथेरपीने वर्षअखेर फरक पडला नाही. तरीही बहुतेक डॉक्टर ऑपरेशनच्या आधीपासूनच ते करायला सांगतात, कारण नेमका कोणता स्नायू आवळायचा हे तेव्हा समजणं सोपं असतं. योगवर्गात मूलबंध शिकलेल्या बाबांना हे आवळणं ओळखीचं वाटेल. कॅथेटर असताना मात्र करायचे नाहीत.

तर, ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर सर्जनला विचारा: नसा एका बाजूच्या जपता येतील की दोन्ही? तुम्ही अशी किती ऑपरेशनं केलीत? तुमच्या रुग्णांपैकी किती जण वर्षभरात पॅडशिवाय राहतात? ऑपरेशन झालं असेल तर एवढं जाणून घ्या: लघवीवरचा ताबा बहुधा काही महिने ते वर्षभर सुधारत राहतो. जपलेल्या नसाही दुखावलेल्या असतात, त्यांना दोन वर्षंसुद्धा लागू शकतात. वर्षानंतरही गळती खूप असेल तर कृत्रिम झडपेबद्दल विचारता येतं. "आता वयच झालं" हे उत्तर मान्य करायची गरज नाही.

हे सगळं तुम्ही बाबांशी बोलू शकाल का? तुम्हालाच लाज वाटेल, त्यांना तर वाटेलच. सगळं बोलायची गरजही नाही. "पॅड किती लागतात आता? पहिल्यापेक्षा कमी झाले का?" एवढं विचारलं तरी पुरे. आईला वेगळा फोन करा, तिचंही यात बरंच काही अडकलेलं असतं.

1977 मध्ये तो रुग्ण तपासणीला येऊन "सगळं मस्त" म्हणून निघून गेला असता, तर वॉल्श यांनी लायडनमध्ये तो प्रश्न विचारला असता का? पुढच्या रविवारी फोन आला की हवेच्या गप्पा जरा उशिरा सुरू करा.