'डॉ.' या उपपदाचा प्रवास

मराठी रंगभूमी आणि मराठी माणसांनी घडवलेला चित्रपट यांतील वैद्यकाचा इतिहास व्यक्तिरेखांच्या स्वभावचित्रणापेक्षा त्यांच्या नामनिर्देशातून अधिक स्पष्टपणे वाचता येतो. ह. ना. आपटे यांनी मोलियरच्या १६६६ मधील प्रहसनाचे जे रूपांतर केले, त्याचे शीर्षक 'मारून मुटकून वैद्यबुवा' असे आहे. एका लाकूडतोड्याला बडवून वैद्य असल्याचे कबूल करायला लावले जाते, एवढेच त्याचे बीज. शीर्षकात माणसाचे नाव नाही. आहे तो व्यवसाय आणि त्याला उपरोधाने जोडलेले 'बुवा' हे आदरवाचक पद. वैद्यकी हा अंगरखा आहे, तो कोणालाही चढवता येतो, हे प्रहसनाचे म्हणणे या अनामिकतेतच सामावले आहे. 'टीम फोर्ट्रेस २' (२००७) या संगणकीय खेळातील 'मेडिक'ही केवळ आपल्या कामाच्या नावाने ओळखला जातो. प्रयोजन वेगळे असले तरी येथेही भूमिका हेच नाव आहे.

व्ही. शांताराम यांच्या 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' (१९४६) या हिंदी चित्रपटाने हा क्रम उलटवला. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात होते. १९४२ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. त्या पाचही जणांनी चीनचा वाचक असलेला 'हुआ' हा शब्द आपल्या नावांत घेतला आणि कोटणीस 'के दीहुआ' झाले. चित्रपटाच्या शीर्षकात मात्र 'डॉ.' हे उपपद आडनावाशी एकजीव झाले. व्यवसायाचे नाव आता हुतात्म्याचे बिरुद ठरले होते.

हे बिरुद सर्वांच्या वाट्याला सारखे आले नाही. आनंदीबाई जोशी यांना ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळाली. श्री. ज. जोशी यांची १९६८ मधील कादंबरी आणि समीर विद्वांस यांचा २०१९ मधील चित्रपट, दोहोंचे शीर्षक 'आनंदी गोपाळ' आहे. कथा दाम्पत्याची असल्याने हे शीर्षक अप्रामाणिक म्हणता येत नाही. तथापि, पतीचे नाव राहिले आणि स्वतः मिळवलेली पदवी गळाली, ही वस्तुस्थिती उरतेच. याउलट, २०१४ मधील चित्रपटाचे शीर्षक 'डॉ. प्रकाश बाबा आमटे' असे आहे. हेमलकसा येथील कार्यासाठी २००८ चा मॅगसेसे पुरस्कार डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे या दोघांना मिळाला होता. शीर्षकात एकच नाव आले. 'आणि... डॉ. काशिनाथ घाणेकर' (२०१८) हा तर दंतवैद्यकाची पदवी असलेल्या नटाचा चित्रपट. ज्या कीर्तीचा वैद्यकाशी संबंध नाही, तिच्याही अग्रभागी पुरुषाचे उपपद टिकून राहिले.

'डॉक्टर रखमाबाई' (२०१६) हा या मांडणीला महत्त्वाचा अपवाद आहे. बालपणी झालेल्या विवाहात नांदण्यास नकार देऊन १८८४ पासून न्यायालयात झगडलेल्या रखमाबाईंनी पुढे लंडनमध्ये वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि सुरत व राजकोट येथे तीन दशकांहून अधिक काळ रुग्णसेवा केली. आनंदीबाईंना तेवढा अवकाश लाभला नाही. फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या निवर्तल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयातील नियोजित पद त्यांना सांभाळता आले नाही. उपपद न दिसण्याचे हे कारण कोणी पुढे करील. परंतु पदवी ही परीक्षेने मिळते, आयुष्याच्या लांबीने नव्हे. रखमाबाईंच्या नावात पतीचे नाव नाही आणि त्यांच्याच शीर्षकात 'डॉक्टर' आहे, या दोन गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. स्त्रीच्या नावापुढे पती आणि पदवी यांपैकी एकालाच जागा असते, अशी समजूत या शीर्षकांच्या मुळाशी आहे काय, हे आपल्या चरित्रपटांच्या समीक्षेने तपासावयाचे आहे.