४२ आणि १९

परवा ऑफिसात जिमवरून विषय निघाला आणि एक मित्र म्हणाला, "फिट म्हणजे काय ते मिलिटरीवाल्यांना विचार. तिथे नियम पक्का असतो!" मलाही तसंच वाटायचं. मग शनिवारी अमेरिकन लष्कराच्या फिटनेस टेस्टचा इतिहास वाचत बसलो. पक्कं कसलं, तिथेही रिक्वायरमेंट बदलतेच आहे!

१९७८ मध्ये तिथलं स्त्रियांचं वेगळं दल बरखास्त झालं आणि त्या मुख्य लष्करात आल्या. १९८० मध्ये जी टेस्ट आली ती अगदी साधी होती: दोन मिनिटं जोर, दोन मिनिटं सिट-अप्स आणि दोन मैल धावणं. सामान म्हणाल तर मैदान आणि स्टॉपवॉच. गुण मात्र वय आणि लिंग बघून. या टेस्टच्या शेवटच्या काळात १७ ते २१ वयाच्या पुरुषाला पास व्हायला ४२ जोर लागत, बाईला १९. सिट-अप्स दोघांनाही ५३.

हे अन्यायाचं वाटतं ना? पण या तक्त्याचा प्रश्नच वेगळा होता: तू तुझ्या शरीराच्या मानाने तंदुरुस्त आहेस का? लढाईत काय जमेल, हे तो विचारतच नव्हता.

डिसेंबर २०१५ मध्ये लढाईची सगळी पदं स्त्रियांना खुली झाली आणि हा दुसरा प्रश्न पुढे आला. जखमी सोबत्याला ओढून न्यायचं तर ओढणारं कोण आहे हे बघून त्याचं वजन थोडंच कमी होतं? म्हणून सहा प्रकारांची नवी टेस्ट आली. डेडलिफ्ट, मागे चेंडू फेकणं, स्लेज ओढणं, बारला लटकून गुडघे कोपरापर्यंत नेणं वगैरे. वय-लिंग काही नाही, ज्याच्या-त्याच्या कामानुसार निकष.

कागदावर झकास! पण चाचणीच्या काळात शिपाई स्त्रियांपैकी जेमतेम निम्म्या पास होत होत्या. यात लढणाऱ्या होत्या तशा ऑफिसात आणि दवाखान्यात काम करणाऱ्याही होत्या, आणि बढतीचं गणित या गुणांशी जोडलेलं. संसदेने स्वतंत्र अभ्यास करायला लावला. मार्च २०२२ मध्ये लटकण्याचा प्रकार जाऊन प्लँक आला आणि वय-लिंगाचे तक्तेही परतले.

जून २०२५ पासून पुन्हा नवी टेस्ट! चेंडूफेक गेली, पाच प्रकार उरले. लढाईच्या २१ पदांना स्त्री-पुरुष एकच तक्ता आणि ५०० पैकी ३५० गुण हवेत. बाकीच्यांना ३००, आणि तिथे स्त्री-पुरुषांचे तक्ते वेगळे.

म्हणजे एकदाचे दोन प्रश्न वेगळे केले म्हणायचे. पण गंमत बघा, लढाईच्या तक्त्यातही वयाची सवलत आहेच. पंचेचाळिशीच्या सैनिकासाठी तरी जखमी सोबती कुठे हलका होतो? पण यावर फारसा कुणी आवाज चढवत नाही. सवलत कुणाची खुपते आणि कुणाची नाही, हे मला त्या ४२ आणि १९ पेक्षा जास्त बोलकं वाटतं.

तंदुरुस्ती मोजायची की काम, हे आधी ठरवावं लागतं. ते न ठरवता आकडा लावला की त्याची किंमत परीक्षा देणाऱ्याने मोजायची. आपल्या अप्रेझलमध्ये तरी दुसरं काय होतं?

असो. माझे जोर? सध्या अकरा. ४२ लावा की १९, नापासच!