नबी मूसा
नबी मूसा : पॅलेस्टाईनमधील वेस्ट बँक प्रदेशातील मुस्लिम तीर्थस्थान. जेरुसलेमहून जेरिकोकडे उतरणाऱ्या वाटेलगत, उजाड टेकड्यांत वसलेले. मूसा पैगंबरांची (मोझेस) कबर येथे असल्याची श्रद्धा आहे; बायबलनुसार मात्र ते जॉर्डनपलीकडे मवाबात निवर्तले व त्यांची कबर कोणालाच ठाऊक नाही. ममलूक सुलतान बैबर्स याने १२६९ मध्ये येथे वास्तू उभारली. पुढे यात्रेकरूंसाठी खोल्यांची भर पडली. परिसरातील काळपट दगड डांबरयुक्त असल्याने चक्क पेटतो व सरपणासारखा वापरला जाई. वसंतातील यात्रा, नवल म्हणजे, हिजरी पंचांगाने नव्हे, तर ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ईस्टरच्या हिशेबाने भरते. एप्रिल १९२० मध्ये या यात्रेच्या वेळी जेरुसलेमात अरब-ज्यू दंगल उसळली.