दोर्नाकलचा बिशप

बिशप म्हटलं की आपल्यापुढं लांब झग्यातला गोरा साहेब उभा राहतो. वेदनायकम सॅम्युअल अझरया तसा नव्हता. तो तिन्नेवेल्लीकडचा, जातीनं शाणार. शाणार म्हणजे ताडावर चढणारे. देवळात शिरायची बंदी. शेजारच्या त्रावणकोरात त्यांच्या बायांना छाती झाकायलासुद्धा झगडावं लागलं. १८५९ ला फर्मान निघालं, तेही वरच्या जातीसारखं नेसायचं नाही या अटीवर!

अझरयाचा जन्म १८७४ चा. बाप गावचा पाद्री. १९१० साली एडिंबरोला मिशनऱ्यांची जागतिक परिषद भरली, तिथं यानं गोऱ्यांना तोंडावर सुनावलं की, तुम्ही आमच्यासाठी खपलात, पण मैत्री काही दिली नाहीत. २९ डिसेंबर १९१२ ला कलकत्त्यात तो अँग्लिकन चर्चचा पहिला हिंदी बिशप झाला.

गादी दोर्नाकलची, निजामाच्या राज्यातली. माणसं बहुतेक माला नि मादिगा. आपल्याकडचे महार-मांग समजा. मला या माणसाची ओढ वाटते ती इथं. १९३६ साली गांधी जॉन मॉटला म्हणाले, गाईला सुवार्ता सांगाल का? काही अस्पृश्यांची समज तर गाईहून कमी. आणि इकडं दोर्नाकलच्या खेड्यांत याच अस्पृश्यांचं बदललेलं जिणं बघून स्पृश्य शेतकरी चर्चमध्ये येत होते! कोणाची समज कमी, तुम्हीच बोला.

पण सगळंच गोड नव्हतं. माला ख्रिस्ती झाला, मादिगा ख्रिस्ती झाला, प्रार्थना एकच. सोयरीक? माला मालातच, मादिगा मादिगातच. बिशप जातीवर आयुष्यभर तुटून पडला, तरी ती चर्चमध्ये मुक्कामाला राहिली.

येवल्याच्या १९३५ च्या घोषणेनंतर बाबासाहेबांची नि त्याची भेट झाली, असं सांगतात. बाबासाहेबांनी विचारलं म्हणे, आम्ही ख्रिस्ती झालो तर जाऊ तिथं सगळे एकाच चर्चचे राहू का, जातीशिवाय? बिशपनं मान खाली घातली. पंथ शेकडो, जाती वेगळ्याच. चर्चच्या एकीसाठी तो आधीपासून खपत होताच. पण दक्षिण भारताचं एकत्रित चर्च १९४७ ला झालं, आणि तो १ जानेवारी १९४५ ला गेला होता.

१९५० ला अनुसूचित जातींची यादी निघाली. ख्रिस्ती माला-मादिगा बाहेर. आपण बौद्धही बाहेरच होतो, १९९० ला आत आलो. ते अजून बाहेर आहेत.