३० जानेवारी १९६९ : गच्चीवरचे बीटल्स

लंडनमध्ये सॅव्हिल रोवरच्या ३ क्रमांकाच्या इमारतीच्या गच्चीवर ऐन जेवणाच्या सुट्टीत बीटल्स वाजवायला उभे राहिले. ना तिकीट, ना जाहिरात. कीबोर्डवर बिली प्रेस्टन होता. कडाक्याच्या थंडीत जॉन लेननने योको ओनोचा फरकोट अंगात चढवला होता. वाऱ्याची घरघर टेपवर येऊ नये म्हणून मायक्रोफोनना बायकांचे तलम पायमोजे घातले होते. खाली गर्दी तुंबली, तक्रारी गेल्या, पोलिस गच्चीवर पोचले. तरी ‘गेट बॅक’ शेवटपर्यंत वाजले. सुमारे ४२ मिनिटांचे हे वादन चौघांचे शेवटचे जाहीर वादन ठरले.

स्टुडिओत ध्वनींचे थरावर थर चढवणारा हा बँड त्या दिवशी एका दमात, डोळ्याला डोळा भिडवून वाजवत होता. आपसात बेबनाव होता, पण ताल सुटला नाही. या वादनातली तीन गाणी १९७० च्या ‘लेट इट बी’ अल्बममध्ये गेली. ‘वन आफ्टर ९०९’ तर लेनन-मॅकार्टनी यांनी किशोरवयात रचलेले. ते गाताना दोघांच्या चेहऱ्यावर आलेला आनंद आजही जीव सुखावतो. पीटर जॅक्सन यांच्या २०२१ च्या ‘गेट बॅक’ माहितीपटात ही मैफल अथपासून इतिपर्यंत पाहता येते. १९८७ मध्ये यू-टू बँडनेही लॉस एंजेलिसमध्ये अशीच एक गच्ची गाठली. तिथेही पोलिस आले.