कलाइतिहासाची शैक्षणिक संकेतस्थळे आणि छायाचित्रांचा न्याय्य वापर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

कलेच्या इतिहासाचे अध्यापन छायाचित्राशिवाय होऊ शकत नाही. राजकीय इतिहासाच्या अभ्यासकाला कागदपत्राचा उतारा देऊन आपले विधान सिद्ध करता येते. कलाइतिहासाच्या अभ्यासकाला मात्र प्रत्यक्ष चित्र अथवा शिल्प वाचकासमोर ठेवावे लागते. हाइनरिश व्योल्फलिन या स्विस कलाइतिहासकाराने दोन चित्रे पडद्यावर शेजारी शेजारी दाखवून तुलना करण्याची पद्धत रूढ केली, तेव्हापासून छायाचित्र हे या विद्याशाखेचे पुराव्याचे साधन बनले. इंटरनेटच्या प्रसारानंतर वर्गातील पडद्याची जागा शैक्षणिक संकेतस्थळांनी घेतली. परंतु वर्गातील पडदा चाळीस विद्यार्थ्यांपुरता मर्यादित होता. संकेतस्थळ साऱ्या जगासाठी खुले असते. त्यामुळे मूळ कलाकृती प्राचीन असली तरी तिचे छायाचित्र कोणाच्या मालकीचे, आणि शिक्षकाने ते परवानगीशिवाय किती वापरावे, हा प्रश्न ऐरणीवर आला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेण्यात आला आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

१. छायाचित्राला प्रताधिकार म्हणजेच कॉपीराइट कसा प्राप्त झाला, याचा आढावा घेणे.
२. 'न्याय्य वापर' या तत्त्वाचा अमेरिकेतील विकास तपासणे.
३. भारतीय कायद्यातील तरतुदींचा कलाइतिहासाच्या संकेतस्थळांच्या संदर्भात अर्थ लावणे.

यासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, न्यायनिर्णय आणि अजिंठ्याच्या चित्रप्रतींचा इतिहास यांचा आधार घेतला आहे.

अजिंठा : एक कलाकृती, अनेक प्रती

प्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी अजिंठ्याचे उदाहरण उपयुक्त ठरते. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणीचे चित्र सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचे आहे. त्यावर कोणाचाही प्रताधिकार असण्याचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र ज्या प्रतींमधून हे चित्रवैभव जगासमोर आले, त्या प्रतींचा इतिहास वेगळा आहे.

१८४४ मध्ये मेजर रॉबर्ट गिल यांची अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्यासाठी नेमणूक झाली. त्यांनी केलेल्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाल्या. याच गिल यांनी लेण्यांची छायाचित्रेही घेतली व जेम्स फर्ग्युसन यांच्या मजकुरासह ती १८६४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात आपल्या विद्यार्थ्यांच्या साहाय्याने नव्याने नकला केल्या. त्यांपैकी अनेक १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये प्रकाशित झाले. लेडी हेरिंगहॅम यांच्या नकलांचे पुस्तक १९१५ मध्ये निघाले. पुढे हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात छायाचित्रणावर आधारलेले चार भाग सिद्ध केले.

या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, प्रत्येक प्रतीमागे स्वतंत्र श्रम, कौशल्य आणि खर्च आहे. म्हणून प्रत करणाऱ्याचा हक्क हा प्रश्न निराधार नाही. दुसरी अशी की, ज्या प्रती एकाच ठिकाणी राहिल्या त्या आगीत नष्ट झाल्या आणि ज्या छापून सर्वत्र पोहोचल्या त्याच अभ्यासकांच्या हाती उरल्या. प्रतींचा प्रसार हे ज्ञानरक्षणाचे साधन आहे. प्रत करणाऱ्याचा हक्क आणि प्रतींचा प्रसार या दोहोंचा मेळ घालणे, हेच न्याय्य वापराच्या तत्त्वाचे प्रयोजन होय.

छायाचित्राला मिळालेला हक्क

छायाचित्र हे यंत्राचे काम की कलावंताचे, हा वाद एकोणिसाव्या शतकात बराच काळ चालला. इंग्लंडमध्ये १८६२ च्या ललितकला प्रताधिकार कायद्याने चित्रे व रेखाटनांबरोबर छायाचित्रांनाही संरक्षण दिले. १८६९ मध्ये ग्रेव्हज् खटल्यात तेथील न्यायालयाने कोरीव छापचित्राच्या छायाचित्रालाही संरक्षण मिळू शकते, असे मानले. अमेरिकेत १८८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेपोलियन सरोनी यांनी काढलेल्या ऑस्कर वाइल्डच्या छायाचित्राला प्रताधिकार असल्याचा निर्णय दिला. परंतु त्याचे कारण वेगळे होते. बैठक, वेशभूषा, प्रकाशयोजना यांची निवड छायाचित्रकाराने केली, म्हणून ते त्याची मौलिक निर्मिती ठरले.

हे दोन निर्णय दोन दृष्टिकोनांचे निदर्शक आहेत. एकात हुबेहूब प्रतीलाही संरक्षण आहे. दुसऱ्यात कल्पकतेला महत्त्व आहे. पुढील शतकभर संग्रहालये व चित्रसंस्था आपल्या संग्रहातील जुन्या चित्रांच्या छायाचित्रांवर हक्क सांगून शुल्क आकारू शकल्या, त्यामागे पहिल्या दृष्टिकोनाचा मोठा आधार होता.

हुबेहूब प्रत आणि मौलिकता

या समजुतीला १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या जिल्हा न्यायालयात धक्का बसला. ब्रिजमन आर्ट लायब्ररी विरुद्ध कोरेल या खटल्यात न्यायाधीश लुईस कॅप्लन यांनी असे ठरविले की, प्रताधिकारमुक्त झालेल्या सपाट चित्राचे हुबेहूब छायाचित्र काढण्यासाठी कौशल्य व श्रम लागत असले तरी त्यात मौलिकता नाही. म्हणून त्याला स्वतंत्र प्रताधिकार नाही. हा निर्णय कनिष्ठ न्यायालयाचा असला तरी त्याचा प्रभाव दूरगामी ठरला. २००९ मध्ये लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने आपल्या संग्रहातील तीन हजारांहून अधिक चित्रांच्या प्रतिमा विकिमीडिया कॉमन्सवर चढविण्यास आक्षेप घेतला, तेव्हा इंग्लंड व अमेरिका यांच्या कायद्यांमधील हा भेद ठळकपणे समोर आला. युरोपीय संघाने २०१९ च्या निर्देशातील चौदाव्या कलमाने प्रताधिकारमुक्त दृश्यकलाकृतींच्या अशा निव्वळ प्रतींना संरक्षण नाकारले. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ मध्ये सुमारे ३,७५,००० प्रतिमा निर्बंधमुक्त केल्या.

तथापि या तत्त्वाची मर्यादा लक्षात घेणे आवश्यक आहे. ते सपाट चित्रांपुरते आहे. वेरुळच्या कैलास लेण्याचे किंवा घारापुरीच्या त्रिमूर्तीचे छायाचित्र घेताना कोन, प्रकाश व अंतर यांची निवड छायाचित्रकाराला करावी लागते. त्यामुळे शिल्प प्राचीन असले तरी त्याचे छायाचित्र ही स्वतंत्र निर्मिती ठरू शकते. शिल्प व स्थापत्य हा भारतीय कलाइतिहासाचा कणा असल्याने ही मर्यादा आपल्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे.

अमेरिकेतील 'न्याय्य वापर'

छायाचित्रावर हक्क आहे, असे गृहीत धरल्यानंतरच न्याय्य वापराचा प्रश्न उपस्थित होतो. 'फेअर यूज' या तत्त्वाची मांडणी न्यायाधीश जोसेफ स्टोरी यांनी १८४१ च्या फॉल्सम विरुद्ध मार्श खटल्यात केली. १९७६ च्या अमेरिकन कायद्याच्या १०७ व्या कलमात त्याला चार कसोट्यांचे रूप मिळाले : वापराचा हेतू, मूळ कृतीचे स्वरूप, घेतलेल्या भागाचे प्रमाण आणि मूळ कृतीच्या बाजारपेठेवरील परिणाम.

इतिहासलेखनाच्या दृष्टीने २००६ चा बिल ग्रॅहम आर्काइव्हज् विरुद्ध डॉर्लिंग किंडर्स्ली हा निर्णय उद्बोधक आहे. एका संगीतमंडळाच्या सचित्र इतिहासात जुन्या कार्यक्रमांची सात भित्तिपत्रके व तिकिटे लहान आकारात, कालपटाच्या ओघात छापली होती. न्यायालयाने तो वापर न्याय्य ठरविला. कारण मूळ भित्तिपत्रकाचा हेतू जाहिरातीचा होता, पुस्तकात ते ऐतिहासिक दाखला म्हणून आले होते. याउलट २०२३ च्या वॉरहॉल प्रतिष्ठान विरुद्ध गोल्डस्मिथ निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांच्या बाजूने कौल दिला. वॉरहॉल यांचे चित्र नियतकालिकाला वापरण्यास देण्याचा हेतू मूळ छायाचित्राच्याच हेतूसारखा व व्यावसायिक होता. दोन्ही निर्णय एकत्र वाचले असता असे दिसते की, चित्र कशासाठी वापरले, हाच कळीचा मुद्दा आहे.

भारतीय कायद्याची भूमिका

आपल्याकडे अनेकदा अमेरिकन 'फेअर यूज'चा दाखला देऊन चित्रांचा वापर समर्थनीय ठरविला जातो. हे योग्य नाही. भारताची परंपरा 'फेअर डीलिंग' म्हणजे न्याय्य व्यवहाराची आहे. ती १९११ च्या ब्रिटिश कायद्यातून १९१४ च्या भारतीय कायद्यात आली व तेथून १९५७ च्या प्रताधिकार अधिनियमात स्थिरावली. तिच्यात चार खुल्या कसोट्या नसून ठरावीक हेतूंची यादी आहे.

कलम ५२ मधील दोन तरतुदी येथे महत्त्वाच्या आहेत. पहिली खासगी वापर व संशोधन, तसेच टीका किंवा समीक्षा यांसाठीच्या न्याय्य व्यवहाराची. दुसरी शिक्षक किंवा विद्यार्थी यांनी अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतिकृतीची. दुसऱ्या तरतुदीचा अर्थ दिल्ली विद्यापीठाच्या छायाप्रत खटल्यात तपासला गेला. परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दाखल केलेल्या या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अध्यापनाचा अर्थ केवळ वर्गातील व्याख्यानापुरता मर्यादित नाही, असे ठरविले व वापर अध्यापनाच्या हेतूला आवश्यक असावा, ही कसोटी मांडली. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

हा निर्णय शिक्षकांना दिलासा देणारा असला तरी तो पुस्तकांतील उताऱ्यांच्या छायाप्रतींविषयी होता. अध्यापनाची तरतूद 'प्रतिकृती' असा शब्द वापरते. संकेतस्थळावर चित्र ठेवणे म्हणजे प्रतिकृतीबरोबरच ते 'जनतेपर्यंत पोहोचविणे'ही असते आणि कलम १४ नुसार तो वेगळा हक्क आहे. त्यामुळे केवळ नावनोंदणी केलेल्या विद्यार्थ्यांसाठी ठेवलेले साहित्य आणि सर्वांसाठी खुले संकेतस्थळ यांची कायदेशीर स्थिती सारखी मानता येत नाही. खुल्या संकेतस्थळाला अधिक भक्कम आधार समीक्षेच्या तरतुदीचा आहे. कारण तेथे 'न्याय्य व्यवहार' ही व्यापक संज्ञा योजली आहे. परंतु त्यासाठी चित्रासोबत खरोखरीची समीक्षा असावी लागते. शंभर छायाचित्रांची नुसती मांडणी म्हणजे समीक्षा नव्हे.

आणखी दोन बाबी उल्लेखनीय आहेत. सार्वजनिक ठिकाणी कायम उभारलेल्या शिल्पाचे छायाचित्र घेण्यास व प्रसिद्ध करण्यास कलम ५२ मुभा देते. भित्तिचित्रांना मात्र ती मुभा नाही. दुसरे म्हणजे, २०१२ पूर्वी छायाचित्राची मुदत प्रकाशनापासून साठ वर्षे होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीने ती छायाचित्रकाराचे आयुष्य व त्यानंतर साठ वर्षे इतकी झाली. परिणामी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बहुतांश छायाचित्रे दीर्घकाळ संरक्षित राहणार आहेत.

निष्कर्ष

१. कलाकृतीचा हक्क आणि तिच्या छायाचित्राचा हक्क या भिन्न बाबी असून प्रत्येकाची मुदत स्वतंत्रपणे तपासली पाहिजे.

२. प्राचीन सपाट चित्राची हुबेहूब प्रत आणि शिल्पाचे छायाचित्र यांत भेद करणे आवश्यक आहे. भारतात सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या ईस्टर्न बुक कंपनी निर्णयात केवळ श्रमापेक्षा कौशल्य, विवेक व किमान सर्जकता यांना महत्त्व दिले. तो निर्णय न्यायनिवाड्यांच्या संपादित पाठाविषयी असला तरी त्यातील तत्त्व कलाप्रतिमांच्या संदर्भात विचारार्ह आहे.

३. भारतीय शिक्षकाने आपल्या संकेतस्थळाचा आधार अमेरिकन कायद्यात न शोधता समीक्षा व अध्यापन या भारतीय तरतुदींमध्ये शोधावा. चित्र आवश्यक तेवढ्याच आकाराचे असावे, त्यावर विवेचन असावे आणि छायाचित्रकाराचे नाव द्यावे. कर्तृत्वाचा उल्लेख हा कलम ५७ नुसार निर्मात्याचा हक्कही आहे.

४. महाविद्यालयांनी आपल्या परिसरातील लेणी, मंदिरे, वाडे यांची छायाचित्रे आवश्यक तेथे संबंधित खात्याची परवानगी घेऊन स्वतः काढून ती शैक्षणिक वापरासाठी खुली करावीत.

कायद्याच्या भीतीने चित्रे वगळली, तर मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला पद्मपाणीचे वर्णन वाचून पद्मपाणी समजून घ्यावा लागेल. कायदा दुर्लक्षून सरसकट चित्रे उचलली, तर लेण्यांच्या अंधारात परिश्रम करणाऱ्या छायाचित्रकारावर अन्याय होईल. न्याय्य वापर हा या दोहोंमधील मार्ग आहे. चित्र हे पानाची सजावट न राहता युक्तिवादाचा पुरावा झाले, तरच त्या मार्गावर शिक्षकाचा अधिकार टिकू शकतो.