‘डिस्ट्रक्टर’चा ‘फायनलायझर’ का झाला? एका दुरुस्तीचा इतिहास

१/ शिवकालीन पत्राच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही मुद्रा उमटली की मजकूर तेथेच संपला, अशी खात्री असे. संगणकाच्या भाषांतही एक अखेरची क्रिया असते: फायनलायझर. ती पार पडेलच, अशी हमी मात्र नसते. हे कागदोपत्री स्पष्ट होण्यास बरीच वर्षे लागली.

२/ ज्या ऑब्जेक्टपर्यंत पोहोचण्याचा मार्ग प्रोग्रॅमपाशी उरत नाही, त्याची मेमरी गार्बेज कलेक्टर परत घेतो. त्यापूर्वी आवराआवर करण्यासाठी लिहिलेला कोड म्हणजे फायनलायझर. तो कधी चालेल, हे कलेक्टरच्या सवडीवर अवलंबून असते.

३/ सी प्लस प्लसमधील स्थानिक ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर मात्र ठरलेल्या क्षणी चालतो. सी शार्पने तेच नाव आणि तेच चिन्ह उचलले, वर्तन मात्र निराळे ठेवले. अपेक्षाभंग अटळ होता. अखेर भाषेच्या प्रमाणग्रंथाने ‘डिस्ट्रक्टर’ सोडून ‘फायनलायझर’ स्वीकारला आणि जुन्या नावामुळे गोंधळ होत असल्याचे कारणही नोंदवले.

४/ गोंधळाची किंमत काय? समजा, वडूजच्या पेठेतील एखाद्या दुकानाची खातेवही संगणकावर आहे आणि दिवसाच्या शेवटच्या नोंदी फाइलीत उतरवण्याचे काम फायनलायझरवर सोपवले आहे. प्रोग्रॅम बंद झाला, फायनलायझर चाललाच नाही. नोंदी कायमच्या गेल्या.

५/ जावाने (१९९६) प्रारंभीच्या काळात प्रोग्रॅम संपताना सारे फायनलायझर चालवण्याची सोय दिली होती. त्यामुळे वापरात असलेल्या ऑब्जेक्टवरही ते चालू शकत. १९९८ मध्ये ती सोय असुरक्षित म्हणून त्याज्य ठरली.

६/ २००३ मध्ये हान्स बोहम यांनी आणखी सूक्ष्म धोका मांडला: ऑब्जेक्टची स्वतःची मेथड चालू असतानाच त्याचा फायनलायझर सुरू होऊ शकतो. जावा ९ ने (२०१७) फायनलायझरचा वापर टाळण्यास सांगितले. जावा १८ ने (२०२२) तो पुढे काढून टाकला जाईल असे जाहीर केले.

७/ डॉट नेटच्या जुन्या फ्रेमवर्कमध्ये प्रोग्रॅम संपताना फायनलायझर चालवण्याचा यथाशक्ती प्रयत्न होई. २०१६ च्या डॉट नेट कोअरपासून तो होत नाही. जुने वाक्य जुन्या आवृत्तीपुरते खरे. नव्यासाठी ते दिशाभूल करणारे.

८/ म्हणून बखर असो वा संगणकाची मार्गदर्शिका, पहिला प्रश्न एकच: हा कागद कोणत्या काळचा? आणि महत्त्वाची फाइल असेल, तर ती स्वतः बंद करावी.